सामुराईचा बिदरी फासा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. मला वीस तोंडं आहेत, म्हणजे रावणाच्या बरोबर दुप्पट. पण बोलतो मी एकाच तोंडानं, आणि बोलतो ते खरं. निदान माझा तसा समज होता. जगात सगळे लबाड आणि मी तेवढा सरळ, अशा तोऱ्यात मी वावरत असे. तो तोरा कसा उतरला, ते तुम्हाला सांगायचं आहे.

जुना म्हणजे माझ्या अंगातलं जस्त जुनं. फासा होण्याआधी मी एका बिदरी फुलदाणीचं बूड होतो. एका पाहुण्यानं "वा, काय सुंदर!" म्हणून ती उचलली आणि वा वा करता करता फरशीवर सोडली. तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला. गोड बोलून कुणी उचलायला लागलं, की खाली फरशी आहे का ते मी आधी बघतो.

तडकलेला मी कितीतरी वर्षं वीरण्णांच्या भंगाराच्या डब्यात पडून होतो. वीरण्णा म्हणजे बिदरचे जुने कारागीर. काळ्या धातूवर चांदी ठोकून वेलबुट्टी काढण्यात त्यांची पन्नास वर्षं गेली. पण सत्तरी ओलांडली आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. मुलगा हैदराबादेत नोकरीला. तो सुट्टीला आला आणि म्हणाला, "अप्पा, आता बास करा. लोक नावं ठेवायलेत." त्या दिवशी वीरण्णांनी हत्यारं कापडात गुंडाळून फळीवर ठेवून दिली. डब्यातून मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं! आता आपली रवानगी भंगारवाल्याकडं.

वीरण्णांचं घर बिदरच्या कडेला, नौबादला. वरच्या खोलीत मनीषा भाड्यानं राहायची. ती खजुरी गावची. आजोबा मेंढरं राखायचे, वडील शेती करतात, आणि ही बिदरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दर रविवारी ती खाली येऊन वीरण्णांचं बोट टोचायची आणि त्यांची साखर बघायची. एका रविवारी मात्र ती हातात एक लाल प्लास्टिकची वस्तू खेळवत आली.

"हे काय गं पोरी? गोटी?" वीरण्णांनी विचारलं.

"फासा हाय अप्पा. वीस तोंडाचा. गुरुबसवअण्णाकडून उसना आणलाय."

मग तिनं खेळ समजावून सांगितला. एकजण गोष्ट चालवतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक. तलवार लागली की हुकली, दरी ओलांडली की खाली गेलो, ते फासा ठरवतो. आकडा जितका मोठा, तितकं भलं.

"आन तू कोण झालीस?"

"अजून कोणीच न्हाई. पुढच्या रविवारी माझा माणूस घडवायचाय. सामुराई. जपानचा जुना लढवय्या असतो, अप्पा. दोन तलवारी बाळगतो आन दिलेला शब्द मोडत न्हाई."

"माणूस आपला आन फासा उसना? असं कुठं असतंय व्हय?" वीरण्णा म्हणाले, आणि त्यांनी फळीवरचं कापड खाली काढलं.

पुढचे सहा दिवस माझे जे हाल झाले, ते वैऱ्याचेही होऊ नयेत. त्या लाल फाशाचा नमुना समोर ठेवून त्यांनी लिंबाएवढा मातीचा साचा केला. मला वितळवलं, ओतलं, कानशीनं घासलं. मग आली छिन्नी आणि हातोडी. प्रत्येक तोंडावर आकडा कोरायचा आणि कोरलेल्या खाचेत चांदी ठोकायची. वीरण्णा डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून काम करत. त्या हाताचा मला काडीचाही भरवसा नव्हता. एक घाव हुकला की संपलं, या धास्तीनं मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

पण आकडे उमटले. इंग्रजी एकचा आकडा म्हणजे नुसती एक उभी रेघ, त्यामुळं ते तोंड ओकंबोकं दिसायला लागलं. बिदरी कारागिराला मोकळी जागा बघवत नाही, त्याचे हात शिवशिवतात. वीरण्णांनी त्या रेघेभोवती पाच पाकळ्यांचं फूल कोरलं. हात थरथरून खाच खोल आणि रुंद गेली, म्हणून चांदीही सढळ हातानं ठोकली. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती जिभेवर ठेवून पारखली, नवसागर घालून पाण्यात उकळली आणि तिच्यात मला बुडवलं. मी काळाकुट्ट झालो, चांदी तेवढी पांढरी राहिली. तेलाचं बोट फिरवून त्यांनी मला मनीषाच्या तळहातावर ठेवलं.

"हे माझं शेवटचं काम," ते म्हणाले. "पण बघ, हात अजून गेला न्हाई माझा."

मनीषाचे डोळे भरून आले. मी मात्र फरशी किती खाली आहे, ते बघत होतो.

खेळ चालायचा गुरुबसवच्या तूरडाळीच्या दुकानाच्या माडीवर, रविवारी दुपारी. बसायला पोती आणि मधे एक लाकडी पाट. गुरुबसव म्हणजे दुकानदाराचा मुलगा, गोष्ट तो चालवायचा. तिसरा गडी भीमाशंकर, बसचा कंडक्टर. खेळात तो मांत्रिक होता, पण अंगातला कंडक्टर काही जायचा नाही. माणूस दिसला की याच्याकडं तिकीट नसणार, असं तो आधीच धरून चालायचा. खरं तर आमचं दोघांचं चांगलं जमायला हवं होतं. पण त्यानं पहिल्याच दिवशी मला असं उलटंपालटं करून पाहिलं, की तो माझ्या मनातून साफ उतरला.

"आधी अंगच्या गोष्टी," गुरुबसवनं कोरा कागद पुढं ठेवला. "सहा वेळा टाक. ताकद, चपळाई, दम, अक्कल, नजर आन बोलणं."

मनीषानं मला टाकलं. ताकद वीस. चपळाई चौदा. दम वीस. अक्कल आठ. नजर वीस. बोलणं दोन.

"सहात तीन वीस?" भीमाशंकरनं भुवई उचलली.

"दोन बी आलंय की भीमाअण्णा," मनीषा हसून म्हणाली. "माझा सामुराई बोलायला लागला तर लोक उठून जातील."

गुरुबसव खो खो हसला. भीमाशंकर हसला नाही.

मग मनीषा रमली. चिलखत बांबूच्या कामट्यांचं केलं आणि त्यावर काळं घोंगडं दिलं, कारण डोंगरात थंडी वाजते. एक तलवार लांब, एक आखूड. नाव ठेवलं काजुरी. गुरुबसव म्हणाला, "अस्सल जपानी वाटतंय." आपल्या गावाचं नाव थोडं पिळून ते केलं आहे, हे बाईनं काही सांगितलं नाही.

"सामुराईला धनी लागतो," गुरुबसव म्हणाला. "काजुरीचा धनी कोण?"

"मेलाय."

"मग इमान कोणाशी?"

मनीषानं पेन्सिल दाताखाली धरून विचार केला. "शब्दाशी," ती म्हणाली, आणि कागदावर तीन शब्द लिहून टाकले. पाठीत वार करणार नाही. शरण आलेल्याला मारणार नाही. खोटं करून जिंकणार नाही. गुरुबसवनं नियम सांगितला, की हे तिन्ही पाळले तोवर काजुरीच्या तलवारीला जादा बळ. एक जरी मोडला, तर काजुरी सामुराई राहत नाही.

पुढचे पाच रविवार माझ्या सुखाचे होते. खिंडीतला राक्षस आडवा आला, वीस. जळता पूल ओलांडायचा होता, वीस. गुरुबसव मला उचलून "वा रे वाघा!" म्हणायचा आणि मी फुगायचो. हे सगळं माझं कर्तृत्व, असंच मला वाटे. शेजारी भीमाशंकरच्या प्लास्टिकच्या फाशावर मात्र तीन, सहा, चार. त्याचा मांत्रिक दर रविवारी कुठल्या ना कुठल्या खड्ड्यात पडायचा. तो प्लास्टिकवाला माझ्यावर जळतो, याबद्दल माझी खात्री होती.

सहाव्या रविवारी भीमाशंकरचा धीर सुटला. "मनीषा, हे सरळ न्हाई. मी रोज पाचशे माणसांचे हात बघतो. तू फासा चिमटीत धरून सोडायलीस."

मनीषाचं तोंड लाल झालं. दिवसभर अनोळखी लोकांची बोटं टोचणाऱ्या त्या मुलीला साऱ्या बिदरात ही एकच माडी आपली वाटायची, आणि तिथंच ती चोर ठरत होती. "माझा हात नको ना? मग तुम्ही दोघं टाका," ती म्हणाली. "शंभर वेळा. मी मोजते."

रक्तातल्या पेशी मोजणारी बाई ती, मोजण्यात कशी चुकेल? भीमाशंकरनं पन्नास वेळा टाकलं, गुरुबसवनं पन्नास वेळा. वीस तोंडं, म्हणजे एकेक तोंड पाचेक वेळा वर यायला हवं. मनीषानं कागदावर रेघा ओढल्या आणि शेवटी बेरीज वाचली. वीस आला होता बावीस वेळा. एक एकदाही आला नव्हता.

"हात सरळ हाय," गुरुबसव हळूच म्हणाला. "फासाच वाकडा हाय."

मित्रांनो, मला हे पटलं असेल असं वाटतं का तुम्हाला? छे! मला आधी पाटाचा संशय आला, मग माडीच्या फळ्यांचा, मग मनीषाच्या रेघांचा. स्वतःचा सोडून मी सगळ्यांचा संशय घेतला.

भीमाशंकरनं मला उजेडात धरलं. "हे बघा. एकच्या तोंडात चांदी किती भरलीय! जड बाजू खाली बसती, तिच्या समोरची वर येती. एकच्या समोर काय? वीस. हे काय आपोआप झालं व्हय? कोणीतरी सांगून करून घेतलंय."

"मग वीरण्णाप्पालाच विचारू," गुरुबसव उठला.

मी तेव्हा मनीषाच्या मुठीत होतो. तिच्या बोटांतली नाडी कशी धावत होती, ते मला कळत होतं. विचारायला गेले, की म्हाताऱ्याला समजणार, शेवटचं काम फसलं. हात अजून गेला नाही म्हणत होते, तो गेला. मुलगा बोलला ते खरं ठरलं.

"विचारू नका," ती म्हणाली. "मीच सांगून करून घेतला."

मी साक्षीला होतो हो! तिनं असं अवाक्षर काढलं नव्हतं. जन्मात एक माणूस मला सरळ भेटलं, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत धडधडीत खोटं बोललं. मला ओरडून सांगायचं होतं, पण वीस तोंडं असून उपयोग काय? एकातून आवाज निघेल तर शपथ.

गुरुबसवनं काजुरीचा कागद ओढून घेतला. तिसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. "पुढच्या रविवारपासून येऊ नकोस, मनीषा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं असावं. जिना उतरताना तिनं मला इतकं घट्ट धरलं होतं, की माझे कोपरे तिच्या तळव्यात रुतले.

त्यानंतर मी मनीषाच्या सुया-कापसाच्या डब्यात तळाशी पडलो. फुलदाणी तडकल्यावर भंगारात आणि फासा वाकडा निघाल्यावर कापसात, एवढाच काय तो फरक. रविवारी दुपारी मनीषा खोलीत पडून राहायची. वीरण्णा खालून विचारायचे, "आज खेळायला जायलीस न्हाई का गं?" ती म्हणायची, "डोकं दुखायलंय, अप्पा." तीन रविवार तिचं डोकं दुखलं.

चौथ्या रविवारी साखर बघायला तिनं डबा उघडला, कापूस संपत आला होता, आणि कापसातून माझं काळं तोंड वर आलं. वीरण्णांनी मला उचललं. लाडानं फुंकर मारली आणि फरशीवर टाकलं. वीस. ते हसले. पुन्हा टाकलं. वीस. मग चौदा. मग वीस. त्यांचं हसू गेलं. त्यांनी मला तळहातावर तोललं, अंगठा सगळीकडं फिरवला आणि एकच्या फुलावर आणून थांबवला. पन्नास वर्षांचा अंगठा तो. त्याला शंभर वेळा टाकून बघायची गरज पडली नाही.

"यामुळं जायलीस न्हाई?"

मनीषानं होकारार्थी मान हलवली.

"काय सांगितलंस त्यांना?"

"मीच असा करून घेतला म्हणून."

वीरण्णा उठले. आता वितळायला मुशीत जाणार आपण, असं मी धरूनच चाललो. पण त्यांनी टोपी घातली, मला खिशात टाकलं आणि भिंतीचा आधार घेत घेत थेट गुरुबसवच्या माडीवर चढले. मनीषा मागोमाग, "अप्पा, नको, अप्पा, ऐका," म्हणत.

"हा फासा माझ्या हातनं वाकडा झालाय," ते दोघांपुढं उभं राहून म्हणाले. दम लागला होता, पण बसले नाहीत. "मोकळी जागा बघवली न्हाई म्हणून फूल काढलं. वजनाचा इचार डोक्यात आला न्हाई. जन्मभर फुलदाण्या केल्या. फुलदाणी कोणी फेकून बघत न्हाई."

मग ते मनीषाकडं वळले. एवढ्या रागात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आन तू! माझी चूक मला न विचारता पोटात घातलीस? सांगितली असतीस तर दुरुस्त केली असती. लपवलीस, म्हणजे तू बी मला बाद केलंस. पोरानं तोंडावर तरी सांगितलं होतं!"

मनीषा पोत्यावर बसून हुंदके देऊन रडली. भीमाशंकर पाय चोळत उभा होता. "माझं चुकलं, अप्पा," तो पुटपुटला.

"तुझं काय चुकलं? चोरी बरोबर वळखलीस. चोर तेवढा चुकीचा धरलास."

मित्रांनो, मी तेव्हा पाटावर पडून होतो, वीसचं तोंड वर करून. चोर मी होतो. सगळ्यांच्या हाताचा, फळ्यांचा, पाटाचा संशय घेणारा मी. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. ते पाच रविवार, ते "वा रे वाघा", सगळं फुलाच्या वजनानं मिळवलेलं!

दुरुस्ती वीरण्णांनीच सांगितली. एकचं फूल उकरलं तर तिथं खड्डा पडून ती बाजू हलकी होणार. त्यापेक्षा वीसच्या तोंडावर तेवढीच चांदी बसवायची. पण वीसचे दोन आकडे सांभाळून कडेकडेनं वेल कोरायची, म्हणजे नाजूक काम. त्यांनी छिन्नी धरली, हात थरथरला, आणि त्यांनी ती खाली ठेवली. या वेळी मनगट दाबून धरलं नाही.

"रोज सुई कोण टोचतंय?" ते म्हणाले. "घे. तू खोद. मी सांगतो तसं."

बारा दिवस लागले. मनीषाची वेल जरा वाकडी आहे, पान कुठलं आणि फूल कुठलं ते नीट कळत नाही. पण चांदी तोलून बसवली आहे. पुन्हा शंभर वेळा टाकलं. वीस सहा वेळा आला आणि एक चार वेळा. वीरण्णा म्हणाले, "आता हे काम पुरं झालं." भीमाशंकरनं रेघा दोनदा मोजल्या. कंडक्टरच तो!

काजुरीही पहिल्यापासून घडवला. मनीषानंच तसं मागितलं. या वेळी ताकद अकरा, चपळाई सात, दम तेरा, अक्कल नऊ, नजर सोळा, बोलणं पाच. "आता जरा माणसात आला," भीमाशंकर म्हणाला. घोंगडं तेच राहिलं, तीन शब्दही तेच. मला वाईट वाटलं का? फार वाटलं. वाघ होतो, साधा फासा झालो. पण मुठीतून सुटताना आता माझ्यावर कुणाचे डोळे रोखलेले नसत, आणि मलाही फरशीची आठवण होईनाशी झाली.

परवाच्या रविवारची गोष्ट. गोष्टीतलं गाव पेटलं होतं. लोक नदीपार जात होते, भीमाशंकरचा जखमी मांत्रिकही त्यांच्यात होता, आणि शत्रूला थोपवायला पुलाच्या तोंडाशी काजुरी एकटा उभा राहिला. लोक पार झाले. आता काजुरी जगतो की जातो, एवढंच उरलं होतं. बारा किंवा वर यायला हवं होतं. मनीषानं मला दोन्ही हातांत घोळवलं आणि सोडलं. मी जीव तोडून गडगडलो. सगळ्या अंगानं बाराच्या वर जाऊ पाहिलं.

चार.

मग भीमाशंकरनं तोंड खिडकीकडं फिरवलं. "मी बघितलं न्हाई," तो म्हणाला. "माझा गुडघा पाटाला लागला वाटतं. परत टाक, मनीषा."

मनीषानं माझ्याकडं पाहिलं.

"मी बघितलंय, भीमाअण्णा," ती म्हणाली. तिनं पेन्सिल उचलली आणि काजुरीच्या नावावर आडवी रेघ मारली.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला मऊ फडक्यात ठेवा, अधूनमधून तेलाचं बोट फिरवा. माझा संशय आला तर शंभर वेळा टाकून बघा, मला राग येणार नाही. चूक सापडली, तर ज्याच्या हातून झाली त्याला जाऊन सांगा, त्याला दुरुस्त करू द्या. पण तपासून झाल्यावर मी चार दाखवला, तर चारच म्हणा.